मोजणी

डॉक्टर म्हणाले, मटण बंद. मासे खा, तेही उकडून.
तेव्हापासून दर रविवारी चष्मा पुसत
दिवाळ्याच्या बाजारात येतो.
चपलेला खवले चिकटतात,
घरी फरशीवर दोन दिवस चमकत राहतात.

आज भांग आहे, पाण्याला ओढ नाही,
होड्या थोड्याच आल्या.
तरी टोपल्या भरल्यात:
बोयींच्या पाठी, शिशाच्या रंगाच्या,
सुतळीने बांधलेल्या चिंबोऱ्या फेस काढताहेत,
जणू कुणाशी वाद अर्धवट राहिलाय,
आणि कोपऱ्यातल्या घमेल्यात निवट्या,
एकमेकींच्या अंगावर चढणाऱ्या,
डोकं सगळं डोळ्यांतच असलेल्या.
पापलेटं बर्फावर आहेत, पण ती ट्रकने आलेली,
पाहुण्यांसारखी गप्प.

घमेल्यामागे नामीबाय. पुढ्यात मोरली, पात झिजून चंद्रकोर झालेली.
मी बोट दाखवतो. ती बोटाकडे बघत नाही,
तोंडाकडे बघते. बराच वेळ.
"तू साखलीवाला ना रं?"

त्र्याहत्तर साल. मी तेवीस वर्षांचा,
माण तालुक्यातला, पाणी म्हणजे विहीर समजणारा.
मोजणीची लोखंडी साखळी ओढत तिवरांतून चाललो होतो,
मागे झेंडा धरलेला शिपाई,
पुढे सगळंच सपाट, करडं, श्वास घेणारं.

"आमचे पोशाने तुना चिखलातशी काढलेला.
कमरेपातूर बुरलेलास. रडत व्हतास."

रडत नव्हतो, मी म्हणतो.

रडत होतो.
त्या माणसाने मला फळीवर ओढून घेतलं,
एक शब्द न बोलता, जाळं ओढावं तसं.
मग एका ओट्यावर कुणीतरी ताट ठेवलं,
तांदळाची भाकरी, आंबट हिरवं कालवण.
काय आहे विचारलं नाही. वाटी चाटली.
आणि रात्री कंदिलाशी बसून, शाईचा दौत उघडून
नकाशावर त्या जागी लिहिलं: पडीक, दलदल.
अक्षर सुबक होतं. साहेबांनी चारचौघांत वाखाणलं.

"पोशा?"
"गेला. लई वर्सा झाली."
ती बोयीचं पोट उघडते, आतलं काढते, मांजराला टाकते.
"निवट्या कुठे धरायचा तो?"
मोरलीवरून हात न उचलता ती हनुवटीने दाखवते,
"ती काचेची बिल्डिंग हाय ना,
तिचे पार्किंगमदी."

माझी नव्हे ती. माझी तिच्या मागची.
एवढाच काय तो दिलासा,
आणि तो मी तिथे उभा राहून खरंच घेतला.

"निवट्या किलोला किती?"
हसते. दात दोनच, पण हसणं पुरतं.
"किलोवर नाय रं देत. वाट्यावर."
हात घमेल्यात घालते, उपसते, पानावर ओतते,
एक निवटी परत टाकते, मग एक उचलून ठेवते.
आयुष्यभर दुर्बिणीतून बघितलं मी,
फूट, इंच, गुंठे,
या हाताचं माप कुठल्या कोष्टकात नव्हतं.

"दोनशे. न उकरून खाऊ नको,
चिंच घाल, हिरवा वाटण घाल. वाटी चाटशील."

पाचशेची नोट देतो. राहू दे म्हणतो,
घाईने, पाठ अर्धी वळवून.
ती कमरेचा बटवा सोडते,
शंभराच्या तीन नोटा काढते,
ओल्या, खाडीच्या वासाच्या,
एकेक माझ्या तळव्यावर दाबून ठेवते.

"मोजून घे."

मी मोजतो.
मग चष्मा काढून पुन्हा मोजतो.

रिक्षात मांडीवरची पिशवी
मधूनच हलते.